मर्यादा निसर्गाची की भिंतीची?

चीनमधील हेफेई शहरात 'ईस्ट' नावाचे एक यंत्र आहे. या यंत्रावरील एका प्रयोगाचा निबंध १ जानेवारी २०२६ रोजी 'सायन्स अॅडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अणुसंमीलनाच्या यंत्रात प्लाझ्मा किती दाट करता येतो, याची एक मर्यादा गेली सुमारे चाळीस वर्षे जगभर मानली जात होती. ती मर्यादा ओलांडल्याची नोंद या निबंधात आहे. आपल्याकडे अशा बातम्या 'कृत्रिम सूर्य' या मथळ्याखाली एका चौकटीत छापल्या जातात आणि वाचक पान उलटतो. चळवळीच्या वाचकाने मात्र हे पान उलटू नये, असे आमचे म्हणणे आहे. कारण प्रश्न विजेचा आहे, आणि वीज हा बाबासाहेबांचा विषय आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की लोकांना राज्यघटना आठवते, चवदार तळे आठवते, नागपूरची दीक्षाभूमी आठवते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते, हे किती जणांना ठाऊक असते? २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेसंबंधीच्या धोरण समितीपुढे त्यांनी भाषण केले. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याखेरीज औद्योगिकीकरण यशस्वी होणार नाही आणि औद्योगिकीकरणाखेरीज या देशातील माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. त्यांच्याच कार्यकाळात १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. वीज कोणाच्या मालकीची असावी, सरकारच्या की खाजगी, हा प्रश्नही त्यांनी तेव्हाच मांडला होता. म्हणून उद्याची वीज कशी तयार होणार आणि ती तयार करणाऱ्यांत आपण कोठे असणार, हे विचारणे म्हणजे बाबासाहेबांचाच प्रश्न पुढे नेणे होय.

आता हे यंत्र काय आहे ते पाहू. सूर्यात हलकी अणुकेंद्रे एकत्र येतात आणि त्यातून ऊर्जा बाहेर पडते. पृथ्वीवर हेच करण्यासाठी हायड्रोजनची दोन भावंडे, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, वापरतात. दोन्हींची केंद्रे धन विद्युतभाराची असल्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. त्यांना भिडवायचे तर तापमान सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअस लागते. एवढ्या तापमानाला अणू अणू राहत नाही. इलेक्ट्रॉन सुटतात, केंद्रे सुटतात आणि विद्युतभारित कणांचा वायू तयार होतो. त्यालाच प्लाझ्मा म्हणतात. तो धरून ठेवील असे भांडे जगात नाही. म्हणून तो चुंबकक्षेत्राच्या कवेत, मेदुवड्याच्या आकाराच्या पोकळ कड्यात तरंगत ठेवतात. या यंत्राला टोकामाक म्हणतात. त्याची कल्पना १९५० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मांडली.

या यंत्रातून ऊर्जा मिळवायची तर तीन गोष्टी साधाव्या लागतात: तापमान, घनता आणि उष्णता टिकून राहण्याचा काळ. त्यात घनतेचा हिशेब मोठा लोभस आहे. तापमान तेच ठेवून घनता दुप्पट केली, तर संमीलन चौपट होते. मग भरावे आणखी इंधन! एवढे सोपे असताना शास्त्रज्ञ थांबले का?

थांबले, कारण यंत्र ऐकत नव्हते. इंधन वाढवत नेले की प्लाझ्माची कड थंड होऊ लागते. तेथील कण प्रकाशाच्या रूपाने उष्णता फेकून देतात. टोकामाकमध्ये प्लाझ्मातूनच प्रचंड विद्युतप्रवाह वाहत असतो आणि त्या प्रवाहाचे चुंबकक्षेत्र प्लाझ्माला धरून ठेवते. थंड कडेतून हा प्रवाह नीट वाहत नाही. तो आत आकसतो, अस्थिर होतो आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागात सगळा डोलारा कोसळतो. त्या कोसळण्याचा धक्का यंत्राच्या भिंतींना बसतो. मोठ्या यंत्रात तो परवडणारा नाही.

१९८८ मध्ये अमेरिकेतील एमआयटीचे मार्टिन ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या यंत्रांचे आकडे एकत्र मांडले आणि एक साधा नियम काढला. प्लाझ्मातील विद्युतप्रवाहाला त्याच्या गोल छेदाच्या क्षेत्रफळाने भागा. येणारे उत्तर ही घनतेची मर्यादा. फ्रान्सच्या दक्षिणेस कादाराश येथे उभे राहत असलेल्या 'इटर' या आंतरराष्ट्रीय यंत्राचे उदाहरण घ्या. त्याचा प्रवाह दीड कोटी अँपिअर आणि छेदाची त्रिज्या २ मीटर. ही मर्यादा निघते एका घनमीटरला सुमारे १.२ गुणिले १० चा २० वा घात इतके कण. आकडा मोठा दिसतो, पण आपण श्वासात घेतो ती हवा याच्या सुमारे दोन लाख पट दाट असते! एवढ्या विरळ वायूवर ही मर्यादा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा नियम अनुभवातून काढलेला होता. अमुक ठिकाणी यंत्रे कोसळतात, असे ती रेषा सांगत होती. का कोसळतात, याचे पक्के उत्तर तीत नव्हते. तरीही यंत्रांचे आराखडे त्या रेषेच्या धाकाने आखले गेले. व्यवहारात सावधगिरी म्हणून ते योग्यही होते. पण विज्ञानाने ती रेषा पोथीत बांधून देव्हाऱ्यात ठेवली नाही. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. स्वतः तपासून पाहा. शास्त्रज्ञांनी ती रेषा तपासायला घेतली.

२०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान येथील संशोधकांनी नवा सिद्धांत मांडला. मर्यादा प्लाझ्माच्या गाभ्यात ठरत नाही, ती कडेवरच्या खळबळीत ठरते; आणि प्लाझ्माला दिलेली उष्णता वाढवली तर मर्यादाही वर सरकते, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या हिशेबाने इटरमध्ये पूर्वीच्या समजुतीपेक्षा जवळजवळ दुप्पट घनता शक्य आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथील 'डी-थ्री-डी' यंत्रावर घनता ग्रीनवाल्ड मर्यादेच्या २० टक्के वर नेण्यात आली. त्याच वेळी उष्णता टिकवण्याची क्षमता नेहमीच्या पद्धतीपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक राहिली. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एका यंत्राने या मर्यादेच्या दहापट घनता गाठल्याचे प्रसिद्ध झाले. ते यंत्र कमी चुंबकक्षेत्राचे आणि त्यातील प्लाझ्मा तुलनेने थंड, हे सांगितले पाहिजे. आणि मग २०२६ मध्ये ईस्टचा निबंध आला. मर्यादेच्या सुमारे १.३ ते १.६५ पट घनता.

ईस्टवाल्यांनी केले काय? त्यांनी भिंतीकडे पाहिले. प्लाझ्मा भिंतीवर आदळतो, भिंतीचे कण सुटतात, ते प्लाझ्मात शिरून त्याची उष्णता उधळतात. म्हणजे मर्यादा जेवढी प्लाझ्माची, तेवढीच भिंतीचीही. भिंत आणि प्लाझ्मा यांचे नाते यंत्र सुरू होतानाच सुधारले, तर मर्यादा दूर सरकेल, असे फ्रान्समधील संशोधकांच्या गटाने आधी सिद्धांतरूपाने मांडले होते. ईस्टमध्ये सुरुवातीलाच वायूचा दाब जास्त ठेवला, सूक्ष्मलहरींनी तापवण्याची जोड दिली आणि भिंतीतून येणारी अशुद्धी कमी केली. ऊर्जा देणाऱ्या खऱ्या भट्टीत जशी अवस्था लागते, त्या अवस्थेत हे करून दाखवणे हा यापुढचा टप्पा आहे. पण जिला निसर्गाची मर्यादा म्हणून सगळे बिचकत होते, तिचा मोठा भाग भिंतीचा निघाला, एवढे तरी या प्रयोगाने दाखवले.

भिंतीचा दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. भट्टी म्हटली की राख आणि धूर बाहेर काढायला तोंड लागते. टोकामाकच्या त्या तोंडाला डायव्हर्टर म्हणतात. गाभ्यातून निसटलेली उष्णता आणि कण चुंबकरेषांवरून वाहत तेथे येतात आणि अगदी अरुंद पट्टीत तेथील पत्र्यांवर पडतात. इटरच्या डायव्हर्टरला दर चौरस मीटरवर सुमारे १० मेगावॅट उष्णता सतत सोसावी लागणार आहे. घरातील इस्त्री एक किलोवॅटची धरली, तर अशा दहा हजार इस्त्र्यांची उष्णता एका चौरस मीटरवर! तेथे टंगस्टन वापरतात. तो ३,४२२ अंशांना वितळतो, तरीही प्लाझ्मा थेट अंगावर घेणे त्याच्याही आवाक्याबाहेरचे आहे.

यावर उपाय सापडला तो १९९० च्या दशकात निरनिराळ्या यंत्रांवर झालेल्या प्रयोगांतून. डायव्हर्टरजवळ थोडा नायट्रोजन, निऑन किंवा अरगॉन सोडायचा. हे अणू उष्णता घेतात आणि प्रकाशरूपाने चोहीकडे पसरवतात. जी उष्णता एका पट्टीवर पडणार होती, ती साऱ्या भिंतीवर वाटली जाते. पत्र्याजवळचा प्लाझ्मा थंड होत होत दहा-बारा हजार अंशांपर्यंत उतरला, की सुटलेले इलेक्ट्रॉन आणि केंद्रे पुन्हा एकत्र येतात. प्लाझ्माचा साधा वायू होतो. ज्वाला पत्र्याला भिडण्याआधीच पत्र्यापासून सुटते. याला डिटॅचमेंट, म्हणजे विलगता म्हणतात. सर्वांनी थोडे थोडे सोसले की एकाच्या माथी सगळा दाह येत नाही, ही गोष्ट यंत्रालाही कळते!

पण येथेही तोल हवा. वायू कमी पडला तर पत्रे जळतात. जास्त झाला तर ती थंड, चमकणारी सीमा पत्र्यावरून वर सरकते, गाभ्याच्या तोंडाशी येते, गाभ्याला गार करते आणि आपण पुन्हा त्याच घनतेच्या मर्यादेवर येऊन आपटतो. म्हणजे घनतेची मर्यादा आणि विलगता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्हींचा निकाल कडेवर लागतो. म्हणून आज कॅमेऱ्यांनी ही सीमा क्षणाक्षणाला पाहून वायूच्या झडपा आपोआप कमी-जास्त करण्याचे प्रयोग युरोपातील यंत्रांवर होतात. गाभा कितीही तेजस्वी असला, तरी यंत्राचे भवितव्य कडेवर ठरते.

अणू कोणत्या तापमानाला फुटतो आणि कोणत्या तापमानाला पुन्हा जुळतो, या प्रश्नाचे पहिले गणिती उत्तर कोणी दिले? एका भारतीयाने. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी आयनीभवनाचे समीकरण मांडले आणि ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान वाचता येऊ लागले. डायव्हर्टरमधील धावत्या प्लाझ्माला ते समीकरण जसेच्या तसे लागू पडत नाही, पण मूळ प्रश्न तोच आहे. हे साहा १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या एका खेड्यात किराणा दुकानदाराच्या घरी जन्मले. ते अस्पृश्य नव्हते, पण बंगालच्या ब्राह्मणी उतरंडीत त्यांची जात खालचीच गणली जाई. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकताना ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंगतीला बसण्यास हरकत घेतली आणि त्यांना वेगळे जेवावे लागले. ताऱ्यांचे तापमान सांगणाऱ्या माणसाची पायरी ताटावरून ठरवणारा हा देश!

आणखी एक धागा पाहा. १९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला. त्याच्या चौकशी समितीत साहा होते. नदीचे पाणी आणि वीज यांचा एकत्रित विचार करा, असा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला होता. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात दामोदर खोरे योजनेची परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी मजूरमंत्री डॉ. आंबेडकर होते. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. १९५६ च्या फेब्रुवारीत साहा गेले आणि डिसेंबरात बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. भारताच्या विजेचा इतिहास लिहिताना या दोघांची नावे पहिल्या पानावर हवीत. ती तेथे का नसतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता आजच्या भारताकडे वळू. गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तेथे १९८९ मध्ये 'आदित्य' हा टोकामाक सुरू झाला. पुढे 'एसएसटी-१' उभा राहिला आणि त्यात २०१३ मध्ये पहिला प्लाझ्मा निर्माण झाला. भारत २००५ मध्ये इटरच्या प्रकल्पात सामील झाला. इटरला वेढणारे सुमारे ३,८०० टनांचे क्रायोस्टॅट, म्हणजे पोलादाचे महाकाय पात्र, भारताने दिले. त्याचे भाग गुजरातेत हजिरा येथे घडले. हा सारा पैसा जनतेचा आहे. हातगाडी ओढणाऱ्या माणसाचाही त्यात वाटा आहे.

मग त्या संस्थांच्या दाराशी काय लिहिले आहे? २००६ मध्ये केंद्रीय शैक्षणिक संस्थांमधील प्रवेशात आरक्षण देणारा कायदा झाला. त्या कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. तीत नावे असलेल्या संस्थांना हे आरक्षण लागू नाही. २०१९ मध्ये शिक्षक संवर्गातील आरक्षणाचा कायदा झाला. त्यालाही तशीच अनुसूची आहे. श्रेष्ठ दर्जाच्या, संशोधनाच्या, राष्ट्रीय आणि सामरिक महत्त्वाच्या संस्था या नावाखाली ही सूट दिलेली आहे. दोन्ही याद्यांत होमी भाभा राष्ट्रीय संस्था तिच्या घटक संस्थांसह आहे. त्या घटक संस्थांत गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. आणि कलकत्त्याची साहा अणुभौतिकी संस्थाही आहे! ज्या माणसाला पंगतीतून उठवले, त्याच्या नावाच्या संस्थेतही आमच्या मुलांसाठी या कायद्यांची पंगत नाही. सरकारी नोकरीतील आरक्षणाचे इतर आदेश वेगळे आहेत. पण संशोधक घडवणारा प्रवेश आणि संशोधक घडवणारा शिक्षक, नेमक्या या दोन जागा यादीने वगळल्या आहेत.

यामागचे कारण न बोलताही ऐकू येते. राखीव जागांवरून माणसे आली तर गुणवत्ता घसरेल. आम्ही विचारतो, हे कोणत्या प्रयोगाने सिद्ध झाले? ग्रीनवाल्डने निदान यंत्रांचे आकडे मांडले होते. या अनुसूचीत आकडा नाही, सूत्र नाही. आहे ती केवळ नावांची यादी. घनता वाढवली की उष्णता टिकत नाही, ही भीती प्लाझ्माच्या विज्ञानातही होती आणि ती निराधार नव्हती. तरीही शास्त्रज्ञांनी कडेवर काम केले आणि २०२४ मध्ये घनता आणि टिकाऊपणा दोन्ही एकत्र वाढवून दाखवले. माणूस म्हणजे मूलकण नव्हे आणि यंत्राचा दाखला समाजाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे आम्हाला कळते. आम्ही केवळ रीत मागतो. मर्यादा घालायची असेल तर मोजा, कारण सांगा, पुन्हा तपासा. विज्ञानसंस्थेने स्वतःपुरते तरी विज्ञान पाळावे!

आणि भिंतीकडे पाहा. २००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांशी होणारा भेदभाव अहवालात मांडला. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याला विज्ञानलेखक व्हायचे होते. आमची मुले गाभ्यात पोहोचण्याआधी कडेवर थंड पडतात, त्याला त्यांची बुद्धी कारण आहे की ज्या भिंतीवर ती आदळतात ती भिंत?

अणुसंमीलनाची वीज उद्या आपल्या वस्तीत येणार, असे भाबडे स्वप्न आम्ही विकत नाही. होमी भाभा यांनी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत दोन दशकांचा वायदा केला होता, त्याला आता सत्तर वर्षे झाली. इटरचे वेळापत्रकही लांबले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार तेथे संशोधनाला २०३४ मध्ये सुरुवात होईल आणि खऱ्या इंधनाचे, ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये होतील. पण हाच आकडा आमच्या वाचकांनी लिहून ठेवावा. आज आठवीत असलेली आपली मुलगी २०३९ मध्ये सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. म्हणजे नेमकी तरुण संशोधकाच्या वयाची. त्या यंत्राच्या नियंत्रण कक्षात तिची खुर्ची असेल की नाही, हे आजपासून ठरणार आहे.

म्हणून दोन कामे करावी लागतील. पहिले आपल्या घरात. डॉक्टर, इंजिनिअर आणि स्पर्धा परीक्षा यांपलीकडे मूलभूत विज्ञानाचाही रस्ता आहे, हे मुलांना सांगितले पाहिजे. विहारातील अभ्यासिकेत भौतिकशास्त्राचीही पुस्तके हवीत आणि जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी एखाद्या तरी विद्यार्थ्याच्या एमएस्सीचा खर्च निघाला पाहिजे. दुसरे काम संसदेत. आपल्या मतांवर निवडून गेलेल्या प्रत्येक खासदाराला २००६ आणि २०१९ च्या कायद्यांच्या त्या दोन अनुसूच्यांविषयी लेखी प्रश्न विचारावा: ही यादी कशाच्या आधारावर केली आणि ती रद्द करण्याचे विधेयक आपण कधी मांडणार?

ग्रीनवाल्डची रेषा चाळीस वर्षांत हलली, कारण विज्ञान तिला प्रश्न विचारत राहिले. या याद्यांना तर अजून कोणी नीट प्रश्नही विचारलेला नाही. तो आपण विचारू.